यजमान शेतकऱ्याच्या घरी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

जुलै-ऑगस्टमध्ये मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांची तालुका पानं चाळली, तर एक छायाचित्र हमखास सापडतं. बांधावर सहा-सात मुली उभ्या असतात, मध्ये दोन-चार शेतकरी, कोणाच्या तरी हातात ओलं गोणपाट नाहीतर निंबोळी अर्काची बादली आणि खाली मथळा: ‘कृषिकन्यांनी दिले बीजप्रक्रियेचे धडे’. मुलांची तुकडी असेल तर कृषिकन्यांच्या जागी कृषिदूत. बातमीत सरपंचांचं नाव असतं, प्राचार्यांचं असतं, सगळ्या मुलींची नावं असतात. ज्या घरात ही लेकरं राहिली, जेवली, त्या घराचा उल्लेख बहुतेक वेळा नसतो. आज मला त्या घराविषयी बोलायचं आहे.

आधी ही मुलं गावात येतात कशाला, ते सांगतो. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षात एक अभ्यासक्रम असतो, ‘ग्रामीण कृषी कार्यानुभव’. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून सगळे त्याला ‘रावे’ म्हणतात. रंधावा समितीने १९९२ मध्ये त्याची शिफारस केली आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेमार्फत तो देशभरच्या कृषी विद्यापीठांत आला. २५ जुलै २०१५ रोजी ‘स्टुडंट रेडी’ नावाची योजना जाहीर झाली आणि हा अभ्यासक्रम तिच्या छत्राखाली गेला. परिषदेच्या पाचव्या अधिष्ठाता समितीने त्यासाठी वीस आठवड्यांचा आराखडा दिला. त्यातले आठ आठवडे गावात, पाच कृषी विज्ञान केंद्रात किंवा संशोधन केंद्रावर, उरलेले पीकरोग चिकित्सालय, कृषी उद्योग आणि अहवाल यांत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची आणि त्याला जोडलेल्या महाविद्यालयांची मुलं अशी दरवर्षी नांदेड, लातूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत पसरतात. प्रत्येक विद्यार्थ्याला एक शेतकरी जोडून दिलेला असतो. कागदावर त्याला ‘यजमान शेतकरी’ म्हणतात. त्याच्या शेतातलं खरिपाचं पीक पेरणीपासून पाहायचं, नोंदवही ठेवायची, त्याच्या घराचा जमाखर्च समजून घ्यायचा, आणि आपण शिकलेलं चार माणसांना दाखवायचं, असं हे काम.

या मुलांना गावात पोचवण्याचं आणि मधून मधून जाऊन पाहण्याचं काम माझ्याकडे बरीच वर्षं होतं. लातूर, औसा, निलंगा, उदगीर, तिकडे अर्धापूर, लोहा, कंधार, मुखेड असा माझा फेरा असे. त्यातून जे दिसलं ते सांगतो.

सुरुवात हिशेबाने करू. सहा मुलांची एक तुकडी आठ आठवडे एका घरी दोन वेळ जेवली, तर सहाशे बहात्तर ताटं होतात. ताटागणिक दोनच भाकरी धरल्या, तरी तेराशे चव्वेचाळीस भाकरी. आणि शेवटच्या वर्षातलं पोर दोन भाकरीवर उठत नाही, हे कोणीही आई सांगेल. या भाकरी कोणीतरी थापलेल्या असतात. त्यासाठीचं पाणी कोणीतरी आणलेलं असतं. कार्यक्रमाच्या शेवटी गावात छोटा समारंभ होतो. यजमान शेतकऱ्याला शाल, श्रीफळ आणि प्रमाणपत्र मिळतं. प्रमाणपत्रावर नाव सातबाऱ्यावरच्या माणसाचं, म्हणजे पुरुषाचं. भाकरी थापणारी दाराआडून टाळ्या वाजवते. हे मी इतक्या वेळा पाहिलं, की पुढे आमच्या तुकड्यांपुरता एक शिरस्ता पाडला. प्रमाणपत्रावर दोघांची नावं आणि ते घ्यायला दोघांनी पुढे यायचं. पहिल्या वर्षी एका गावात ती बाई उठेचना. शेवटी तिच्या सासूनेच तिला कोपराने ढकललं.

आता कोणी म्हणेल, राहायला एवढं काय शिकायचं? पाहुणे म्हणून आपण सगळेच कुठे ना कुठे राहतो. पण पाहुणा दोन दिवसांचा असतो, त्याच्यासाठी घर आपला दिनक्रम बदलतं. दोन महिन्यांच्या माणसासाठी ते बदलू शकत नाही. त्याला घराच्या दिनक्रमात शिरावं लागतं, आणि त्यासाठी घर कसं चालतं ते आधी कळावं लागतं.

पहिली गोष्ट बोलण्याची. आमच्याकडे तुकडीत सगळ्या महाराष्ट्रातली मुलं असत. कोल्हापूरची, नाशिकची, एखाद-दुसरं केरळचं किंवा राजस्थानचंही. लातूरकडच्या घरात शिरल्याबरोबर आजी विचारते, ‘काय करलालाव?’ नांदेडकडे तेच ‘काय करायलाव?’ होतं. पुण्याच्या मुलाला वाटतं, बाई रागावली. ती फक्त ख्यालीखुशाली विचारत असते. देगलूर-बिलोलीच्या सीमेवर घरात निम्मं तेलुगू, निलंगा-उदगीरच्या खाली कानडी, किनवट-माहूरच्या तांड्यांवर गोरमाटी. नमस्काराचीही तीच तऱ्हा. लिंगायत घरात ‘शरणार्थ’ म्हणावं, माळकऱ्याच्या घरात ‘रामकृष्ण हरी’, बौद्ध वस्तीत ‘जय भीम’, तांड्यावर ‘जय सेवालाल’, मुसलमान शेतकऱ्याच्या ओसरीवर ‘सलाम’. सगळ्या गावाला एकच ‘गुड मॉर्निंग सर’ ऐकवणारी तुकडी मी पाहिली आहे. गाव हसतं, पण जवळ घेत नाही.

नाती पहिल्याच दिवशी ठरवून टाकावीत. घरधनी मामा किंवा तात्या, त्यांची बायको मामी किंवा मावशी, म्हातारी ती आजी. ‘काकू’ म्हटलं तर चालतं, पण त्यात थोडा शहरी वास येतो. ‘मॅडम’ मात्र मुळीच नको. नातं लागलं की कामं सांगायला त्यांना संकोच वाटत नाही, आणि आपल्याला हक्काने ‘भूक लागली’ म्हणता येतं. थायलंडच्या खेड्यातही हाच रिवाज आहे. अमेरिकेच्या पीस कोअर या संस्थेचे स्वयंसेवक तिथे कामावर रुजू होण्याआधी काही आठवडे गावातल्या कुटुंबात राहतात. भाषा आणि रीत घरातच शिकावी, हा त्यामागचा हेतू. तिथे अनोळखी माणसालाही वयाप्रमाणे थोरला किंवा धाकटा भावंड म्हणून हाक मारतात, चपला बाहेर काढतात, जमिनीवर चटईवर बसून जेवतात, आणि कोणाच्या दिशेला पाय पसरून बसणं असभ्य मानतात. औसा तालुक्यातल्या आजीला हे सांगितलं तर ती म्हणेल, यात सांगण्यासारखं काय आहे?

दुसरी गोष्ट पाण्याची. मराठवाड्यात पाहुण्याला आधी तांब्या देतात, मग बसायला. तो तांब्या कुठून आला हे पाहुण्याला दिसत नाही. २०१५ च्या खरिपात पाऊस रुसला होता. त्या वर्षी लातूर जिल्ह्यातल्या गावांत आमची मुलं टँकरच्या रांगेत घागरी घेऊन उभी राहिली. पुढे मांजरा धरण आटलं आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली. दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होतं. ते सगळ्या देशाने दूरदर्शनवर पाहिलं. शहराचं हे हाल, तर खेड्यातल्या रांजणाचं काय असेल, याचा अंदाज करा. त्या वर्षीपासून मी मुलांना निघतानाच सांगू लागलो, की अंघोळीला एक बादली आणि कपडे आठवड्यातून एकदा, तेही विहिरीवर. मुलींच्या तुकडीसाठी संडास आणि दाराची कडी आधी स्वतः जाऊन पाहायची. हा भाग कोणी भाषणात सांगत नाही, पण तुकडी टिकते की नाही ते बऱ्याचदा त्यावर ठरतं.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि ती नाजूक आहे. मुलं चांगल्या मनाने पहिल्या आठवड्याला नोटा काढतात. घरधनी दुखावतो. ‘आमी काय खानावळ घातली का?’ म्हणतो. न द्यावं तर सहाशे बहात्तर ताटं कुठून यायची? दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू घराला ते झेपत नाही. यावर मार्ग गावांनीच दाखवला. बाजाराच्या दिवशी मुलांनी पिशवी घेऊन जायचं. तेल, साखर, चहापत्ती, डाळ, भाजी आणायची आणि पिशवी थेट चुलीपाशी ठेवायची. दाराशी किंवा ओसरीवर, चारचौघांत ठेवायची नाही. बाई ‘हे कशाला आणलाव?’ म्हणते आणि उचलून ठेवते. पूर्वी आपल्याकडे शिकणारी गरीब मुलं वार लावून जेवत, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्यात घरावर भार कमी पडे हे खरं, पण मुलाला रोज नव्या उंबऱ्यावर मान खाली घालून उभं राहावं लागे. एका घरी राहून पिशवी आणणं मला त्यापेक्षा बरं वाटतं. आता महाराष्ट्राचं कृषी पर्यटनाचं धोरणही आहे, २०२० पासूनचं. त्यात पाहुणा दर विचारून येतो आणि पैसे देऊन जातो. ते सरळ आहे, त्याला माझा विरोध नाही. पण तिथे यजमान आपल्याला नांगर दाखवतो, कर्ज दाखवत नाही.

कर्जावरून मुद्द्याकडे येतो. मुलांकडे एक प्रपत्र असतं. कुटुंबातली माणसं, जमीन, जनावरं, उत्पन्न, कर्ज, व्यवसाय, असे त्यात रकाने. नियमाप्रमाणे ते पहिल्या आठवड्यात भरायचं. उत्साही मुलं दुसऱ्या दिवशीच भरून मोकळी होतात. मी एकदा एका तुकडीकडून तेच प्रपत्र दोनदा भरून घेतलं, एकदा दुसऱ्या दिवशी आणि एकदा तिसरा आठवडा संपताना. दुसऱ्या दिवशी कर्जाच्या रकान्यात बँकेचं पीककर्ज होतं, बाकी काही नाही. तिसऱ्या आठवड्यात तिथे आडत्याकडून घेतलेली उचल आली, बचत गटाचे हप्ते आले, मेव्हण्याकडची उसनवारी आली आणि बियाण्याच्या दुकानातली उधारी आली. कोणी खोटं बोललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारणारा कॉलेजचा मुलगा होता, तिसऱ्या आठवड्यात तो घरातल्या गायीला वैरण घालणारा होता. आपल्याकडे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर कितीतरी अहवाल निघाले. त्यांतली माहिती कितव्या दिवशी विचारलेली होती, हे मी हल्ली आधी पाहतो.

त्याच प्रपत्रात ‘मुख्य व्यवसाय’ असा रकाना आहे. घरधन्यापुढे ‘शेती’. बायकोपुढे मुलं सर्रास ‘गृहिणी’ लिहितात. ही ‘गृहिणी’ पहाटे उठून पाणी भरते, चूल पेटवते, सहा पाहुण्यांसह बारा जणांचा स्वयंपाक करते, दहाला स्वतःच्या सोयाबीनमध्ये खुरपायला जाते, आणि घरचं खुरपण संपलं की दुसऱ्याच्या शेतात रोजाने. संध्याकाळी येताना डोक्यावर गवताचा भारा असतो. एका कृषिकन्येने हे आठ दिवस पाहिलं आणि रकान्यात खाडाखोड करून लिहिलं: ‘शेती, शेतमजुरी, पशुपालन, गृहिणी’. चार शब्द त्या चौकटीत मावेनात, म्हणून तिने बाजूला चिठ्ठी डकवली. ती नोंदवही मी जपून ठेवली आहे.

आणि शेती? ती शिकायलाच तर मुलं आली होती. पुस्तकात असतं, की पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये. बरोबर आहे. पण काळ्या जमिनीत पाऊस उघडल्यावर पेरणी नेमकी कोणत्या दिवशी करायची, ते मिलिमीटरवरून कळत नाही. मामा शेतात जातात, मूठभर माती उचलतात, आवळतात आणि सोडतात. गोळा झाला आणि हाताला चिकटला तर अजून थांबायचं. गोळा होऊन अलगद फुटला तर वापसा आला. ‘वापसा’ या एका शब्दात ओल, हवा आणि जमिनीचा घट्टपणा, तिन्ही येतात. पुस्तकातल्या व्याख्येत निम्मं पान जातं.

तिफणीची पेरणी तर आता कमीच दिसते, ट्रॅक्टरच जास्त. जिथे ती आहे तिथे चाड्यावर मूठ धरणारी बहुतेक वेळा बाई असते. बैलांच्या चालीबरोबर मुठीतून बी सारखं सुटलं पाहिजे. दाट नको, विरळ नको. आमच्या एका मुलाने हौसेने मूठ धरली. आठ दिवसांनी त्याचं तास दुरून ओळखू येत होतं, कुठे झुबके आणि कुठे टक्कल. मामींनी तिथे तूर टोकून घेतली आणि विषय संपवला.

शिकवणं एकाच बाजूने होत नव्हतं, हेही सांगायला हवं. गोणपाटावरची उगवण चाचणी साधी असते. घरच्या बियाण्यातले शंभर दाणे मोजून घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगा लावायच्या, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं, आणि सहा-सात दिवसांनी कोंब मोजायचे. सत्तरच्या वर निघाले तर नेहमीप्रमाणे पेरा, कमी निघाले तर बी वाढवा, फारच कमी असेल तर ते बी विकून टाका. सोयाबीनच्या दाण्याचं टरफल पातळ असतं. पोतं आपटलं तरी आतला कोंब दुखावतो, म्हणून ही चाचणी मोलाची. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग पडला आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. त्यानंतर बियाण्याची थैली फोडण्याआधी ‘पोरींनी दाखवलेलं गोणपाट’ करणारी घरं मी लोहा तालुक्यात पाहिली आहेत. आणि म्हाताऱ्या माणसांना संशोधन केंद्राचं काही कौतुक नसतं असंही नाही. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा एनएचएच-४४ हा संकरित वाण एकेकाळी घरोघरी होता. ‘नांदेड चव्वेचाळीस’ म्हटलं की आजोबांचे डोळे आजही चमकतात.

जनावरांचंही तसंच. देवणी आणि लाल कंधारी या दोन नामांकित गोवंशांची नावंच या भागातल्या गावांवरून आहेत, लातूरची देवणी आणि नांदेडचं कंधार. पुस्तकातल्या चित्रावरून मुलं देवणीचे तीन प्रकार घोकतात. खांदेमळणीच्या संध्याकाळी तूप-हळद लावून बैलाचे खांदे चोळले, की मग तो बैल लक्षात राहतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं रीतसर आवतण देतात. ज्या घरात बैलालाही आवतणाशिवाय जेवू घालत नाहीत, तिथे सहा मुलांना जेवू घालायची तऱ्हा काय असेल ते ओळखा.

पण सगळ्या घरांची दारं सगळ्यांना सारखीच उघडतात असं चित्र मी उभं केलं, तर ते खोटं होईल. यजमान शेतकरी निवडतो कोण? बहुधा सरपंच किंवा ग्रामपंचायत. मग नावं येतात ती बागायतदारांची, पक्क्या घरांची, वेशीजवळच्या आळीतली. भूमिहीनाचं, एकल बाईचं, वस्तीवरचं घर यादीत क्वचितच. आणि पाहुण्याचंही असंच. ‘गाव कोणतं?’, ‘पाव्हणे कुठले?’, ‘आडनाव काय म्हणलाव?’ हे तीन प्रश्न ओसरीवर ओळीने येतात. त्यांत प्रेम असतं, चौकशी असते, आणि कधी कधी चाळणीही असते. एका गावात, नाव सांगत नाही, तुकडीतल्या एका मुलाने तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला, की खोलीवर पाहुणे यायचे आहेत, त्या एकाची सोय शाळेत करा. बाकीचे पाच राहू देत. मी गेलो, बोललो. घरधनी हात जोडून बोलत होते, आवाज चढवत नव्हते, पण मागेही हटत नव्हते. मुलांनी आपसात ठरवलं, की राहायचं तर सहाही जण. त्यांनी वळकट्या उचलल्या. गावाच्या कडेला एका विधवा बाईंचं दोन खोल्यांचं घर होतं. शेत साडेतीन एकर, घरात म्हातारी सासू आणि शाळेत जाणारा मुलगा. त्या म्हणाल्या, ‘जागा लहान हाय, पर ऱ्हावा.’ मुलं अंगणात झोपली, पाऊस आला की पडवीत. त्या वर्षीच्या सगळ्या नोंदवह्यांत सर्वांत भरलेल्या त्या सहा होत्या, कारण या बाई पेरणीपासून आडतीपर्यंत सगळं स्वतः करत आणि लपवत काही नसत. पहिल्या घरून नंतर कधी बोलावणं आलं नाही. पुढच्या वर्षापासून मी यादी ग्रामपंचायतीकडून घेतली तरी निम्मी घरं स्वतः फिरून निवडू लागलो, आणि गावात पहिल्या दिवशी सगळ्या वस्त्यांवर जाऊन पाणी प्यायचं, असं मुलांना सांगू लागलो. कोण कुणाकडचं पाणी प्यालं, हे गाव बारकाईने पाहत असतं.

औसा-निलंग्याकडची एक खूण वेगळी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनानंतरच्या त्या रात्री, किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरची मातीची माळवदं कोसळून हजारो माणसं गेली. बावन्न गावं नव्या जागी वसवली. त्या पुनर्वसित गावांत मुलं राहायला जातात तेव्हा त्यांना नवल वाटतं. रस्ते रुंद आणि सरळ, घरं एकसारखी, आणि म्हातारी माणसं मात्र घर सोडून पत्र्याच्या छपरीत झोपतात. कारण विचारू नका, असं मी निघतानाच सांगतो. सांगायचं तेव्हा ते स्वतः सांगतात. एका घरी महिनाभर कोणी काही बोललं नाही. मग ऐन सप्टेंबरात एका संध्याकाळी आजीने मुलींना आपल्या जुन्या गावाच्या जागेवर नेलं, तिथल्या बाभळीत उभं राहून आपलं दार कुठे होतं, चूल कुठे होती, ते बोटाने दाखवलं आणि परत आणलं. मुलींनी ते नोंदवहीत लिहिलं नाही. मीही विचारलं नाही.

अलीकडे एक बदल झाला आहे आणि तो मला पसंत नाही. रस्ते सुधारले, मोटारसायकली आल्या. मुलं शहरात खोली करून राहतात, सकाळी दहाला गावात येतात, फलक धरून छायाचित्र काढतात आणि दुपारी परततात. काही ठिकाणी यजमान शेतकऱ्याची सही शेवटच्या दिवशी एकदम घेतात. मुलींच्या सुरक्षिततेची पालकांना काळजी वाटते हे मी समजू शकतो, गावात सोय नसते हेही खरं. पण दहा ते दुपार या वेळात गावात घरी असतं कोण? पहाटेचं पाणी, रात्रीच्या थ्री फेज विजेवर अर्धापूरच्या केळीला आणि हळदीला पाणी द्यायला जाणारा माणूस, निजानीज झाल्यावर नवरा-बायकोत हलक्या आवाजात होणारी खताच्या पैशाची बोलणी, हे या वेळात येत नाही. पालकांना माझं सांगणं असतं, की रोज नाही जमलं तर निदान आठवड्यातल्या चार रात्री मुलं-मुली गावात राहू द्या, घर आम्ही पाहून देतो. बरेच जण ऐकतात. आणि गावातल्या मंडळींना सांगणं, की सही मागायला आलेल्या मुलाला आधी विचारा, आमच्या गायीचं नाव काय?

खरिपाच्या काढणीबरोबर मुलं परत जातात, त्यामुळे वेळ अमावस्या त्यांना चुकते. ती मार्गशीर्षात येते, डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीच्या सुरुवातीला. लातूर भागात तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी घरं ओस पडतात, सगळं गाव शेतात, कडब्याच्या कोपीत पूजा, आणि मग भज्जी, आंबील, उंडे, खीर. वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतात. यजमान घरांचे फोन चार दिवस आधीच मुलांना येऊ लागतात. ज्यांना आले त्यांनी जावं. सकाळची पहिली गाडी धरावी, कारण नंतर एसटीत पाय ठेवायला जागा नसते. जाताना मिठाई नेऊ नये, ती तिथे कोणी खात नाही. आंबील मात्र जपून प्यावी. मडक्यातली असते, थंड लागते, आणि दुसऱ्या तांब्यानंतर बांधावरून उठवत नाही.